खुर्ची सोडा, कॉम्रेड!

दहा बाय बाराची एक खोली, एकाच गिरणीतले दोन भाऊ आणि मधोमध फुटलेला एक पक्ष. ऑफिसच्या राजकारणाला वैतागून मी लालबागला नानांकडे गेले आणि १९६४ सालात जाऊन पोचले...

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात एक मीटिंग झाली. अजेंडा एका ओळीचा. आमच्या टीम हेडबद्दल आलेल्या तक्रारींवर 'मोकळी चर्चा'. आणि मीटिंग चालवणार कोण? बरोबर ओळखलंत. टीम हेडच!

हसू नका. तुमच्याकडेही असंच होतं, फक्त तुम्ही कोणाला सांगत नाही.

नऊ जण होतो आम्ही. काचेची केबिन, मधे बिस्किटांची प्लेट, एसी नेहमीसारखा सोळावर. साहेब हसतमुखानं म्हणाले, 'बोला, अगदी मोकळेपणानं बोला.' सगळे बिस्किटांकडे बघायला लागले. तेवढ्यात माझ्या शेजारची मैत्रीण शांतपणे म्हणाली, 'सर, विषय तुमचाच आहे. आजच्या पुरतं दुसऱ्या कोणाला तरी मीटिंग चालवू द्या.' साहेबांचं हसू तसंच राहिलं. म्हणाले, 'गरज वाटत नाही.' ती उठली, लॅपटॉप उचलला आणि बाहेर गेली. तिच्यामागून आणखी दोघं गेले.

मी? मी बसून राहिले. खरं सांगते, एक बिस्किटही खाल्लं.

आठवड्याभरात टीमचे दोन तुकडे झाले. व्हॉट्सअॅप ग्रुप दोन, लंचची टेबलं दोन. आमचं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. त्या काचेच्या इमारतीत माझं डोकं इतकं फिरलं, की रविवारी सरळ चालत लालबागला नानांकडे गेले.

नाना म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. वय नव्वदीला टेकलेलं, कान थोडे गेलेले (साचेखात्यात आयुष्य काढलेल्या कोणाचे कान धड असतात?), बाकी तब्येत ठणठणीत. आमची चाळ आता रिडेव्हलपमेंटला गेलीय. निम्म्या खोल्यांना कुलपं. नाना मात्र अजून हलायला तयार नाहीत. मी चहा टाकला आणि सगळं रामायण त्यांना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, 'म्हणजे एप्रिल चौसष्टच की गं, बाय!'

मला काही कळेना. मग त्यांनी जे सांगायला सुरुवात केली ते संध्याकाळपर्यंत चाललं. घरी आल्यावर मी पुस्तकं काढून बसले, तारखा ताडून पाहिल्या. नानांची एकही चुकली नव्हती.

साहेब कोण होते?

गिरणगावात 'साहेब' बरेच झाले, पण नानांच्या तोंडी साहेब एकच. श्रीपाद अमृत डांगे. आपल्या पिढीला हे नाव इतिहासाच्या पुस्तकातल्या एका ओळीपुरतं माहीत असतं, म्हणून थोडक्यात सांगते. जन्म १८९९चा. १९२१मध्ये, म्हणजे आपण कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असतो त्या वयात, त्यांनी गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारं पुस्तक लिहिलं. पुढच्या वर्षी 'सोशलिस्ट' नावाचं साप्ताहिक काढलं. १९२४मध्ये कानपूर कटाच्या खटल्यात चार वर्षांची शिक्षा झाली. सुटून आले ते थेट १९२८च्या संपात. मुंबईच्या गिरण्या जवळजवळ सहा महिने बंद होत्या आणि त्याच संपात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. वर्षभरात पन्नास हजारांहून जास्त सभासद. मग मीरतचा खटला, पुन्हा तुरुंग. पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आणि १९५७मध्ये मुंबईतून लोकसभेवर.

'सभेत ते बोलायला लागले की बदलीवाल्यालापण वाटायचं, आपण गिरणीचे मालक,' नाना म्हणाले.

जाता जाता एक गंमत. ही युनियन जन्मलीच फुटीतून. त्याआधी गिरणी कामगार महामंडळ नावाची संघटना होती. तिच्यात भांडण झालं. मयेकर एकीकडे राहिले. आळवे, कासले हे कामगार पुढारी कम्युनिस्टांबरोबर गेले आणि नवी युनियन निघाली. पुढे १९४०च्या दशकात पक्षातून एक गट बाहेर पडला, तोच नंतरचा लाल निशाण. १९४८मध्ये तर सरचिटणीसच बदलला. पी. सी. जोशी गेले, दादरला जन्मलेले बी. टी. रणदिवे आले. त्यांनी 'क्रांती उंबरठ्यावर आहे' अशी लाइन घेतली. ती अंगाशी आली आणि १९५०मध्ये तेही गेले. म्हणजे लीडरशिपचं भांडण या मंडळींना नवीन नव्हतं. पण तोवर घर एकच होतं.

को-हेडची भानगड

जानेवारी १९६२मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस अजय घोष वारले. दोन्ही बाजूंना सांभाळून घेणारा माणूस गेला. दोन्ही बाजू म्हणजे काय, ते पुस्तकात वाचायला गेलात तर तिसऱ्या पानावर झोप येईल. 'राष्ट्रीय लोकशाही' विरुद्ध 'जनता लोकशाही', वगैरे वगैरे. साध्या भाषेत सांगायचं तर प्रश्न काँग्रेसचा होता. नेहरूंच्या काँग्रेसमधल्या चांगल्या लोकांना धरून पुढं जायचं, की काँग्रेसच मुख्य विरोधक मानायची? त्यातच रशिया आणि चीन या दोन मोठ्या भावांचं बिनसलेलं. इकडच्यांना रशियाचं पटायचं, तिकडच्या काहींना चीनचं.

एकमत होईना, तेव्हा तोडगा निघाला. पक्षात अध्यक्ष हे पदच नव्हतं. ते नवीन तयार केलं आणि डांगेंना दिलं. सरचिटणीस झाले केरळचे ई. एम. एस. नंबुद्रीपाद, देशातल्या पहिल्या कम्युनिस्ट राज्य सरकारचे मुख्यमंत्री. त्यांचं सरकार १९५९मध्ये केंद्रानं बरखास्त केलं होतं.

आपल्या भाषेत याला को-हेड म्हणतात! दोन को-हेड कधी नेमतात आणि त्यातून पुढे काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

सहा महिने गेले आणि ऑक्टोबर १९६२मध्ये चीनशी युद्ध पेटलं. डांगेंच्या बाजूनं चीनचा निषेध केला, सरकारच्या पाठीशी उभं राहायचा ठराव केला. दुसऱ्या बाजूचे कितीतरी पुढारी भारत संरक्षण नियमांखाली तुरुंगात गेले. ते आत असताना काही ठिकाणी पक्षाच्या कमिट्यांवर नवी माणसं बसली. आता तुम्हीच विचार करा, तुम्ही सक्तीच्या रजेवर आहात आणि परत आलात तर तुमच्या टेबलावर दुसराच कोणीतरी! १९६३मध्ये नंबुद्रीपादांनी सरचिटणीसपद सोडलं. खुर्ची एकच राहिली.

'पण चाळीत तोवर काही नव्हतं हां,' नाना म्हणाले. 'मी आणि दादा एकाच ताटात जेवायचो.'

मार्चमधली पत्रं

मार्च १९६४मध्ये मुंबईच्या 'करंट' या इंग्रजी साप्ताहिकानं बॉम्ब टाकला. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात काही पत्रं सापडली होती, १९२४ सालची. कानपूर खटल्यानंतर तुरुंगातून डांगेंनी ब्रिटिश सरकारला लिहिलेली, असं म्हणणं. आशय असा, की माझी सुटका करा, मी तुमच्या उपयोगी पडेन.

डांगे म्हणाले, साफ बनावट. पक्षातल्या बहुमतानं त्यांच्यावर विश्वास ठेवला. दुसरी बाजू म्हणाली, चौकशी करा. त्या पत्रांवर आजही दोन्हीकडचे लोक तावातावानं बोलतात आणि मी त्यात निकाल देणार नाही. माझा विषय तो नाहीच. माझा विषय आहे खुर्ची.

एप्रिलमध्ये दिल्लीत पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेची बैठक भरली. पत्रांचा विषय निघाला. विरोधी बाजूची मागणी होती, की या विषयावर चर्चा चालू असेपर्यंत तरी डांगेंनी अध्यक्षस्थानी बसू नये. ती मान्य झाली नाही. ११ एप्रिलला ३२ जण उठले आणि बाहेर पडले. नंबुद्रीपाद, ज्योती बसू, ए. के. गोपालन, सुंदरय्या, हरकिशनसिंग सुरजीत... एकेक नाव बघा! पक्षानं त्यांना निलंबित केलं. जुलैत त्यांची आंध्रात तेनालीला परिषद झाली आणि ऑक्टोबरच्या शेवटी कोलकात्याला अधिवेशन. नव्या पक्षाला नंतर मार्क्सवादी हे शेपूट लागलं. डिसेंबरमध्ये जुन्या पक्षाचं अधिवेशन भरलं ते मुंबईत. दोन्ही अधिवेशनांचा नंबर सातवा! दोघांचंही म्हणणं, खरा पक्ष आम्हीच.

अभ्यासक म्हणतील, फूट त्या खुर्चीमुळे पडली नाही. मतभेद जुने होते, रशिया-चीन होतं, बाहेर पडायची तयारी आधीच झाली होती. मान्य. खुर्ची सोडली असती तरी कदाचित फुटलेच असते. पण एक सांगू? राष्ट्रीय लोकशाही की जनता लोकशाही, या प्रश्नावर आमच्या चाळीत कोणी कोणाशी बोलणं टाकलं नसतं. खुर्चीचा प्रश्न मात्र सगळ्यांना कळला. साचेवाल्याला कळला, खानावळवाल्या मावशींना कळला, माझ्या आजीलाही कळला.

तांब्याखालची पावती

माझे आजोबा, म्हणजे नानांचे दादा, म्हणाले, 'पत्रं खरी की खोटी हे नंतर बघू. पण चौकशी होईपर्यंत माणसानं खाली उतरावं. गिरणीत जॉबरवर तक्रार आली तर आपण हेच मागतो ना?'

नाना म्हणाले, 'चाळीस वर्षं पत्रं कोणाला दिसली नाहीत आणि आत्ताच बरी सापडली! साहेब उतरले म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखं होईल.'

मी नानांकडे बघत होते. साठ वर्षांनंतरही दोन्ही बाजू ते तितक्याच जोरात मांडत होते आणि मला दोन्ही पटत होत्या. हाच तर घोळ आहे!

भांडण झालं ते पाळीच्या भोंग्याआधी, पाच मिनिटांत. मग बोलणं बंद. आता विचार करा, दहा बाय बाराची खोली. त्यात दोन भाऊ, आजी, माझे वडील लहान, शिवाय गावाकडचे दोन-तीन जण अंथरूण टाकायला. तिथं अबोला धरायचा तरी कसा? तर आजोबांनी खटपट करून आपली पाळी बदलून घेतली. नाना पहिल्या पाळीला, आजोबा दुसऱ्या पाळीला. एक जागा असायचा तेव्हा दुसरा झोपलेला, नाहीतर कामावर. रविवारची सुट्टी तेवढी अडचणीची. रविवारी आजोबा सकाळीच बाहेर पडायचे ते रात्री यायचे. आजी निरोप्याचं काम करायची. 'भाऊजींना सांगा', 'ह्यांना सांगा', आणि सांगायचा तो माणूस चार फुटांवर पाठ करून बसलेला.

खरी पंचाईत पुढेच आहे. पक्ष फुटला तरी युनियन फुटली नव्हती! गिरणी कामगार युनियन डांगेंकडेच राहिली, आणि देशपातळीवरची आयटकही वरकरणी एकच होती. म्हणजे आजोबा आता वेगळ्या पक्षाचे, पण सभासद त्याच युनियनचे. आणि त्यांच्या खात्यातली वर्गणी गोळा करायचं पावतीपुस्तक कोणाकडे? नानांकडे.

पगाराच्या दुसऱ्या दिवशी आजोबा वर्गणीची नाणी खिडकीच्या फळीवर ठेवून झोपायचे. नाना ती उचलायचे, पावती फाडायचे आणि तिथंच पाण्याच्या तांब्याखाली ठेवून कामाला जायचे. सहा वर्षं. एकही महिना चुकला नाही, ना नाण्यांचा ना पावतीचा.

'एकदा चार आणे कमी होते,' नाना म्हणाले. 'मी माझे घातले. पुढच्या महिन्यात चार आणे जास्त होते.'

घरात दोन साप्ताहिकं यायला लागली. नानांचं 'युगांतर', आजोबांचं 'जीवनमार्ग'. आजीला वाचता येत नव्हतं. दोन्हीची रद्दी ती एकत्रच विकायची.

दोन लाल बावटे, एक भगवा

भाऊ एकमेकांची तोंडं चुकवत होते तेव्हा गिरणगाव थांबलं नव्हतं. १९६६मध्ये शिवसेना निघाली. डिसेंबर १९६७मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या गिरणी कामगार युनियनच्या ऑफिसवर हल्ला झाला, नासधूस झाली. त्याच वर्षी डांगे पुन्हा लोकसभेवर निवडून आले होते, हेही खरं. आकडेच बघायचे तर १९६२मध्ये एकत्र पक्षाचे लोकसभेत २९ खासदार होते. १९६७मध्ये दोघांचे मिळून ४२ झाले, इकडे २३, तिकडे १९. त्यामुळे दिल्लीत दोघांनाही वाटलं असेल, फुटून काय बिघडलं? बिघडलं ते गिरणीच्या गेटवर. पूर्वी गेट मीटिंगला एक वक्ता मालकाविरुद्ध बोलायचा. आता अर्धा वेळ मालकाविरुद्ध आणि अर्धा वेळ एकमेकांविरुद्ध. तरणी पोरं ऐकेनाशी झाली. त्यांना बाजूच्या शाखेवर जास्त मजा वाटायची. नाना हे सांगताना जरा थांबले. त्यांचा पुतण्या, म्हणजे माझे वडीलही पुढे शाखेवर जाऊ लागले होते. आमच्या घरात त्यावर फारसं कोणी बोलत नाही.

मे १९७०च्या शेवटी कोलकात्यात कामगार संघटनाही फुटली. सिटू जन्माला आली, पहिले अध्यक्ष बी. टी. रणदिवे. तेच, १९४८चे. फळीवरच्या नाण्यांचा आता शेवट होता. आजोबांना नवी युनियन, नवी पावती.

आणि मग ५ जूनची रात्र. लालबागमध्ये कृष्णा देसाईंचा खून झाला. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे आमदार, गिरणगावातला घरचा माणूस. १६ जणांना पुढे शिक्षा झाली, त्यात शिवसेनेशी संबंध असलेले तरुण होते. अंत्ययात्रेला माणूस मावत नव्हता. नाना पुढे होते. मागून कोणीतरी खांद्याला हात लावला. वळून बघितलं तर दादा. वेगळ्या पक्षाचा, पण आला होता. सहा वर्षांनी भाऊ बोलला. काय बोलला असेल?

'मे महिन्याची वर्गणी राहिलीय माझी.'

नाना म्हणाले, 'घरी दे.' झालं, एवढंच. दोघं शेवटपर्यंत बरोबर चालले.

मला वाटलं, इथं गोष्ट गोड होणार. छे! मेची वर्गणी आजोबांनी नानांना दिली. जूनपासून सिटूची पावती फाडली.

ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. देसाईंच्या पत्नी सरोजिनीताई उभ्या होत्या, अनेक विरोधी पक्ष त्यांच्या पाठीशी. आजी घरोघर फिरली. आजोबा आणि नाना एकाच टेबलावर चिठ्ठ्या वाटायला बसले. थोड्या मतांनी हरले. शिवसेनेचे वामनराव महाडिक जिंकले, सेनेचे पहिले आमदार. त्या रात्री दोघं एका ताटात जेवले की नाही, हे मी विचारलं. नाना म्हणाले, 'जेवण कोणाला गेलं?'

खुर्चीचा दुसरा अंक

पुढचं भराभर सांगते, कारण नानाही भराभर सांगत होते. आणीबाणी आली. जुन्या पक्षानं इंदिरा गांधींना पाठिंबा दिला, मार्क्सवाद्यांनी विरोध केला. घरात पुन्हा थोडा धूर. १९७७मध्ये इंदिराबाई हरल्या. मुंबईतून मार्क्सवाद्यांच्या अहिल्या रांगणेकर लोकसभेत गेल्या. त्या रणदिव्यांच्या बहीण. १९७८च्या भटिंडा अधिवेशनात जुन्या पक्षानं आणीबाणीतली आपली चूक मान्य केली आणि हळूहळू मार्क्सवाद्यांशी जुळवून घ्यायला सुरुवात केली. डांगेंना ते पटेना. त्यांना इंदिराबाईंबरोबरच राहायचं होतं.

आता गंमत बघा. म्हणजे, गंमत नाही. ज्या पक्षानं १९६४मध्ये डांगेंची खुर्ची राखली, ३२ जण गेले तरी राखली, त्याच पक्षानं १९८१मध्ये डांगेंना काढून टाकलं. वय ऐंशीच्या पुढं. त्यांच्या कन्या रोझा देशपांडे, ज्या १९७४च्या पोटनिवडणुकीत मुंबईतून खासदार झाल्या होत्या, त्यांनी वेगळा पक्ष काढला होता. डांगे तिकडे गेले.

'आणि तुम्ही?' मी विचारलं.

नाना खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'मी पक्षात राहिलो. शिस्त म्हणजे शिस्त.'

सतरा वर्षांपूर्वी ज्या माणसासाठी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं, त्याला काढणाऱ्या पक्षात नाना राहिले. मी काही बोलले नाही. चहा गार झाला होता, तो पुन्हा गरम करायला उठले.

त्यानंतर नऊ-दहा महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ला, मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढारी कोण? डॉ. दत्ता सामंत. ना डांगे, ना रणदिवे. गिरणगावातला सगळ्यात मोठा संप, आणि लाल बावट्यांपैकी एकाच्याही हातात दोर नाही! मालकांशी बोलायचा कायदेशीर हक्क १९४६च्या कायद्यानं राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. कामगार सामंतांकडे. लाल बावटेवाले मधे कुठेतरी, संपाबरोबर. 'संप आमचा नव्हता, पण आम्ही संपावर होतो,' नाना म्हणाले. ते आणि आजोबा दोघंही पुन्हा गिरणीत गेले नाहीत. आजोबांनी भाजीची गाडी लावली. नाना एका सोसायटीत वॉचमन झाले. त्या दोन वर्षांत खोलीत अबोला नव्हता, कारण पक्षाबद्दल बोलायला कोणाला वेळच नव्हता.

सगळा दोष फुटीवर टाकता येणार नाही, हे मला कळतं. मालकांना जमिनी दिसायला लागल्या होत्या, यंत्रमाग आले होते, सरकार ढिम्म होतं. एकत्र असते तरी कदाचित संप हरलेच असते. पण १९२८मध्ये ज्यांनी एका हाकेला गिरण्या बंद पाडल्या, त्यांची हाक ऐकायला १९८२मध्ये कोणी का थांबलं नाही, या प्रश्नाचं थोडं उत्तर त्या तांब्याखाली आहे, असं मला वाटतं.

२२ मे

डांगे गेले २२ मे १९९१ला. आदल्या रात्री राजीव गांधींची हत्या झाली होती. देशात दुसरी बातमीच नव्हती. जवळपास सत्तर वर्षं राजकारणात काढलेल्या माणसाला सगळ्यात चुकीचा दिवस मिळाला.

चाळीत बातमी पोचली तेव्हा आजोबांनी चपला घातल्या. आजी म्हणाली, तुम्ही? तुम्ही तर त्यांच्या विरोधातले. आजोबा म्हणाले, 'माणसाच्या विरोधात कधी होतो?' ते गेले. नाना गेले नाहीत.

'का नाही गेलात?'

'तोंड कुठं होतं, बाय? दादाला होतं. तो सरळ समोरून उठून गेलेला. मी बसून राहिलेलो, दोन्ही वेळेला.'

आजोबा २००४मध्ये गेले. तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची होते. मला त्यांचा हात आठवतो, तंबाखूचा वास येणारा. ते भाषण करायचे, भांडायचे, पाळी बदलून घ्यायचे, यातलं काही मला माहीत नव्हतं. २०२४मध्ये नानांनी मला मोबाइलवर निकाल वाचून दाखवायला लावला होता, तेव्हाही मला काही कळलं नव्हतं. मार्क्सवाद्यांचे लोकसभेत चार, आपले दोन, असं मी सांगितलं. त्यांनी बोटांवर बेरीज केली होती. 'सहा' म्हणाले होते, नेहमीसारखं, दोन्ही मिळून.

निघायची वेळ झाली. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

'ते तुझ्या हापिसातलं राहिलंच. ती पोरगी उठून गेली म्हणालीस. तू उठलीस का?'

'नाही.'

'का?'

'नाना, होम लोन आहे. वीस वर्षांचं.'

मला वाटलं, रागावतील. ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, 'आमचंपण होतं की. गिरणीच्या पतपेढीचं.'

मग म्हणाले, त्या पोरीला फोन केलास का? मी म्हटलं, नाही अजून. त्यांनी माझा मोबाइल टेबलावरून उचलून माझ्या हातात दिला आणि स्वतः उठून बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले, पाठ करून.